प्रति: गोव्यातली खेड्यापाड्यांतली चर्चेस

वर कुणीतरी लिहिलंय की गावातली चर्चेस म्हणजे ओल्ड गोव्यातल्या मोठ्या चर्चेसच्या लहान नकला. हे मला अजिबात पटत नाही. तळावलीचं सांत आनाचं (म्हणजे सेंट अ‍ॅनचं) चर्च एकदा नीट बघा. 1681 साली काम सुरू झालं, 1695 ला पुरं झालं. दोन्ही बाजूंना भक्कम चौकोनी बुरूज आणि मध्ये चढत जाणारा दर्शनी भाग, इतका तोल ओल्ड गोव्यातही क्वचितच सापडतो. भिंती इतक्या जाड की आतून माणूस चालेल अशी पोकळ वाट ठेवलीय. कबुलीजबाबासाठी ती वापरली जाई. कोनाड्यांवरची शिंपल्यांची नक्षी तर मान वर करून बघतच राहावी अशी.

गोव्यातल्या जुन्या खिडक्यांबद्दल सांगायलाच हवं. काचेऐवजी लाकडी पट्ट्यांच्या चौकटींत शिंपल्याचे चौकोनी तुकडे सरकवलेले असतात. जवळून पाहिलं की प्रत्येक तुकड्यावरच्या बारीक रेघा दिसतात. ऊन आत येतं ते दुधाळ होऊन, आणि वेदीवरचं सोनेरी कोरीवकाम त्यात डोळ्यांवर येत नाही.

डागडुजीचं मात्र मनावर घ्या. चिरा, म्हणजे बांधकामातला जांभा दगड, पाणी पितो, त्याला चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. गावकऱ्यांनी अशा कामाला सरळ विरोध करावा.

तळावलीला जाणार असाल तर जुलैअखेरीस जा, तवशांचं (काकड्यांचं) फेस्त, म्हणजे चर्चचा सण असतो. सांत आनाला काकड्या वाहतात.