वाऱ्यातील विमान: त्रिकोणात कर्ण कोणता?

प्रश्न

सापेक्ष वेगाच्या एका उदाहरणात माझे उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळत नाही, आणि चूक आकडेमोडीत नसून मांडणीतच असावी असे वाटते. विमानाची हवेतील चाल ताशी २५० किलोमीटर आहे, वारा पश्चिमेकडून ताशी ७० किलोमीटर वेगाने वाहत आहे आणि विमानाला बरोबर उत्तरेस ४८० किलोमीटरवर असलेल्या विमानतळावर पोहोचायचे आहे. विमानाचे नाक कोणत्या दिशेला ठेवावे आणि प्रवासाला किती वेळ लागेल?

मी उत्तरेकडे २५० आणि पूर्वेकडे ७० असे परस्परांना लंब सदिश काढले. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण सुमारे २५९.६ आला आणि कोन १५.६ अंश आला, म्हणून नाक तेवढे पश्चिमेकडे वळवावे असे लिहिले. पुस्तकात मात्र कोन १६.३ अंश, जमिनीवरील चाल ताशी २४० किलोमीटर आणि वेळ २ तास दिला आहे. वारा पूर्णपणे आडवा असताना विमानाची चाल कमी का व्हावी, हे मला उमगत नाही.

उत्तर १

तुम्ही काढलेला त्रिकोण एका वेगळ्या प्रश्नाचे अचूक उत्तर देतो: नाक सरळ उत्तरेकडे ठेवले तर विमान कोठे जाईल? तसे केल्यास विमान १.९२ तासांत ४८० किलोमीटर उत्तरेस जाईल खरे, पण तेवढ्या वेळात वारा त्याला १३४.४ किलोमीटर पूर्वेला नेऊन ठेवील.

अशा उदाहरणात आकृतीला हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेग कशाच्या सापेक्ष आहे हे शब्दांत लिहावे, असा माझा आग्रह आहे. विमानाचा जमिनीसापेक्ष वेग म्हणजे विमानाचा हवेसापेक्ष वेग आणि हवेचा जमिनीसापेक्ष वेग यांची सदिश बेरीज. आता या तिघांपैकी कोणाचे काय माहीत आहे ते पाहा. वाऱ्याचे परिमाण आणि दिशा दोन्ही दिलेले आहेत. हवेसापेक्ष वेगाचे परिमाण २५० आहे, परंतु त्याची दिशा, म्हणजेच नाकाची दिशा, हीच तर शोधायची आहे. जमिनीसापेक्ष वेगाची दिशा उत्तर अशी ठरलेली आहे, पण परिमाण अज्ञात आहे. तुम्ही २५० हा सदिश उत्तरेकडे काढलात तेव्हा अज्ञात दिशा माहीत आहे असे गृहीत धरले गेले, आणि तेथेच वाट चुकली.

बेरीज बरोबर उत्तरेकडे यायची असेल, तर विमानाच्या हवेसापेक्ष वेगाचा पश्चिमेकडील घटक वाऱ्याच्या ७० एवढाच असला पाहिजे. म्हणजे २५० हा कर्ण आहे आणि ७० ही त्याच्या काटकोन त्रिकोणाची एक बाजू आहे. कोनाचा साइन ७० भागिले २५०, म्हणजे ०.२८ येतो, म्हणून कोन सुमारे १६.३ अंश. दुसरी बाजू ६२५०० वजा ४९०० याचे वर्गमूळ, म्हणजे २४०. ४८० भागिले २४० बरोबर २ तास.

चाल कमी होण्याचे कारणही यातच आहे. इंजिन विमानाला हवेच्या सापेक्ष ताशी २५० किलोमीटरच देते, आणि त्या वेगाचा एक घटक वाऱ्याची वाहून नेण्याची क्रिया निष्फळ करण्यात खर्ची पडतो. उत्तरेसाठी उरतो तो फक्त दुसरा घटक, आणि काटकोन त्रिकोणाची बाजू कर्णापेक्षा नेहमी लहान असते.

उत्तर २

वरील मांडणीला एक पुस्ती जोडतो. १५.६ आणि १६.३ हे कोन इतके जवळ आहेत की अनेकांना पद्धत बरोबर असून फरक दशांशांचा आहे असे वाटते. तुमचा कोन वापरून पडताळा घ्या: पश्चिमेकडील घटक सुमारे ६७.४ येतो, म्हणजे ताशी २.६ किलोमीटर वाहणे शिल्लक राहते आणि दोन तासांनी विमान सुमारे ५ किलोमीटर पूर्वेला असते. वारा जितका जोरदार, तितका हा फरक वाढतो.

वाऱ्याच्या दिशेचाही घोटाळा फार होतो. वाऱ्याला नाव मिळते ते तो जिकडून येतो त्या दिशेचे, म्हणून पश्चिमेचा वारा दाखवणारा बाण पूर्वेकडे रोखलेला असतो.

वारा तिरपा असला तरी रीत बदलत नाही. समजा, हवेतील चाल ताशी ५०० किलोमीटर आहे, जायचे पूर्वेला आहे आणि नैर्ऋत्येकडून ताशी १०० किलोमीटर वारा आहे. वाऱ्याचे पूर्वेकडील आणि उत्तरेकडील घटक प्रत्येकी ७०.७ आहेत. मार्गाला लंब असलेला, म्हणजे उत्तरेकडील, घटक आधी रद्द करावा: कोनाचा साइन ०.१४१ येतो, म्हणून नाक पूर्वेपासून सुमारे ८.१ अंश दक्षिणेकडे ठेवावे. विमानाच्या वेगाचा पूर्वेकडील घटक ४९५ उरतो आणि त्यात वाऱ्याचे ७०.७ मिळवल्यावर जमिनीवरील चाल सुमारे ५६६ होते. येथे वाऱ्याची मदतच झाली.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आता उलगडले. कोणती दिशा माहीत आहे हे लिहून काढताच कर्ण आपोआप ठरला. एक शंका मात्र उरते: त्याच वाऱ्यात परत येताना जाताना झालेले नुकसान भरून निघेल का?

उत्तर १

नाही. परतीच्या वेळी नाक दक्षिणेपासून पुन्हा १६.३ अंश पश्चिमेकडेच ठेवावे लागेल, कारण वारा बदललेला नाही. जमिनीवरील चाल पुन्हा २४० येईल आणि दोन्ही फेऱ्यांना मिळून ४ तास लागतील. वारा नसता तर ३ तास ५० मिनिटांच्या आसपास लागले असते.

हाच वारा मार्गाच्या दिशेने असता तर परिणाम अधिक वाईट झाला असता. पाठीमागच्या वाऱ्यात चाल ३२० आणि वेळ दीड तास, समोरच्या वाऱ्यात चाल १८० आणि वेळ २ तास ४० मिनिटे, म्हणजे एकूण ४ तास १० मिनिटे. चालींची सरासरी २५० दिसते, पण विमान कमी चालीत अधिक वेळ घालवते, त्यामुळे त्या फेरीचा भार जास्त पडतो.

उत्तर ३

साइन काढताना त्याची किंमत एकापेक्षा मोठी आली, तर गणकयंत्र त्रुटी दाखवते आणि विद्यार्थी आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसतात. वास्तविक तेही एक उत्तरच आहे. वाऱ्याचा मार्गाला लंब घटक विमानाच्या हवेतील चालीपेक्षा मोठा आहे आणि नाक कोणत्याही दिशेला वळवले तरी त्या सरळ रेषेवर विमान टिकू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.