ग्रॅव्हल, मूर आणि फॉरेस्ट: सायकलमार्गाच्या वर्णनात कोणते मराठी शब्द वापरावेत?

प्रश्न

इंग्लंडच्या ईशान्य भागातील नॉर्थ यॉर्क मूर्स या राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या एका ग्रॅव्हल सायकलमार्गाचे वर्णन मी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मराठीत लिहीत आहे. हा मार्ग डाल्बीच्या जंगलातून निघतो, उघड्या डोंगरमाथ्यावर चढतो आणि ब्लेकी रिजपासून रोझडेलच्या बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागेवरून पुढे जातो. पहिल्या वाक्यात मी ‘खडीचा रस्ता’ असे लिहिले. ते वाचून वडिलांनी फोनवर विचारले, ‘‘खडी पसरलेल्या रस्त्यावर सायकल कशाला घालतेस? डांबर पडेपर्यंत थांब की.’’ त्यांचे म्हणणे मला पटले, पण दुसरा शब्द सुचला नाही. ‘मूर’साठी ‘माळरान’ आणि ‘फॉरेस्ट’साठी ‘अरण्य’ लिहिले आहे, त्यांविषयीही शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपल्या वडिलांचा आक्षेप अगदी योग्य आहे. मराठीत ‘खडी’ म्हणजे क्रशरमधून निघालेले, धारदार कडांचे, सुटे दगड. ‘खडीकरण’ ही रस्त्याच्या कामातील मधली पायरी असल्यामुळे ‘खडीचा रस्ता’ म्हटले की ऐकणाऱ्याला अर्धवट राहिलेले काम आणि घसरणारी दुचाकी आठवते. नदीतल्या गुळगुळीत दगडांना आपण गोटे म्हणतो, त्याहून बारीक ते रेव, आणि क्रशरच्या तळाशी उरतो तो कच. इंग्रजीतील ‘ग्रॅव्हल’ हा शब्द यांपैकी कोणालाही लागू शकतो, कारण भूशास्त्रात तो केवळ आकारावरून, साधारण दोन ते चौसष्ट मिलिमीटरच्या तुकड्यांसाठी, वापरला जातो. आपल्या शब्दांत मात्र तो दगड कसा तयार झाला आणि कशासाठी आणला हेही येते, त्यामुळे एकास एक प्रतिशब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.

सायकलवाल्यांना ‘ग्रॅव्हल’मध्ये अभिप्रेत असते ते डांबर नसलेले, पण दबून घट्ट झालेले, चाक न रुतता चालेल असे पृष्ठ. त्या पृष्ठाला मराठीत जुना आणि रोजचा शब्द आहे, तो म्हणजे मुरूम. झिजलेल्या काळ्या पाषाणाचा हा भुगा ओलसर असताना दाबला की बसतो, आणि गावाकडच्या पाणंदींवर ग्रामपंचायत तोच टाकते. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘मूरम’ अशी स्वतंत्र नोंद आहे. पश्चिम भारतात रस्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्रॅव्हलला हा शब्द वापरतात आणि तो मराठी दिसतो, असे तेथे म्हटले असून आधारासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचा हवाला दिला आहे. म्हणजे ‘ग्रॅव्हल’ला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर इंग्रजांनीच सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडून नेलेले आहे.

एक अडचण राहते. डाल्बीतील रस्ते लाकडाचे ट्रक नेण्यासाठी फोडलेला दगड आणि त्याचा भुगा दाबून केलेले आहेत, तो काही झिजलेला बेसाल्ट नव्हे. तरीही चाकाखाली तो मुरमासारखाच वागतो, आणि प्रवासवर्णनात वागणूक महत्त्वाची. म्हणून पृष्ठासाठी ‘मुरमाचा रस्ता’ किंवा ‘मुरमाड वाट’ लिहावे, खेळाच्या आणि सायकलीच्या नावात मात्र ‘ग्रॅव्हल’ तसाच ठेवावा. ‘मुरूम-सायकल’ असे लिहिल्यास दिवाळी अंक विनोदविशेषांक होईल.

एक भर

आम्हा वैदर्भीयांकडे खडीला गिट्टी म्हणतात, त्यामुळे ‘खडीचा रस्ता’ हा शब्दप्रयोग आमच्या वाचकांना वेगळ्याच कारणाने अडखळवेल. मुरूम मात्र चंद्रपूरपासून कोल्हापूरपर्यंत मुरूमच आहे.

‘मूर’विषयी

माझे मत ‘माळरान’ या शब्दाच्या विरोधात आहे, आणि कारण पाण्याचे आहे. माळ म्हटला की कमी पाऊस, पिवळे गवत, बाभळी आणि टणक जमीन डोळ्यांपुढे येते. नॉर्थ यॉर्क मूर्सचा माथा याच्या नेमका उलट आहे. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे काळे, आम्ल थर, म्हणजे पीट, तेथे साठलेले असतात आणि ते पाणी धरून ठेवतात. मराठी वाचकाने ‘माळरान’ वाचून वाट सोडली, तर त्याचे पुढचे चाक आसापर्यंत रुतेल. पाणी मुरून दलदलीसारख्या झालेल्या जमिनीसाठीचा शेतकऱ्यांचा ‘चिबड’ हा शब्द त्या ओल्या तुकड्यांना अधिक जवळचा आहे, पण तो जमिनीचा दोष सांगतो, भूप्रदेश सांगत नाही.

दिसण्यावरून विचार केला तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सडा अधिक जवळचा वाटतो: झाड नसलेला सपाट माथा, पातळ माती, पावसाळ्यात जागोजागी साचलेले पाणी आणि ऋतू आला की फुलांचा गालिचा. यॉर्कशरमध्ये ऑगस्टमध्ये हेदर नावाची खुजी झुडपे फुलून डोंगर जांभळे होतात, तेव्हा कासच्या पठाराची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. तरीही सड्याखाली जांभा आहे आणि मूरखाली पीट, शिवाय सडा चैत्र-वैशाखात तव्यासारखा तापतो. तुलना एका वाक्यात करावी, नाव म्हणून घेऊ नये.

आणखी एक भेद असा की ‘रान’ शब्दात आपोआप उगवल्याचा भाव आहे. मूर तसा नाही. तेथील मूळ वृक्षराजी माणसाने ब्राँझयुगापासून तोडत आणली, आणि आज लाल ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी हेदरचे पट्टे आळीपाळीने जाळले जातात, म्हणजे कोवळे फुटवे पक्ष्यांना खायला मिळतात आणि जुनी झुडपे लपायला. डोंगरउतारावरचे ते चौकोनी ठिपके पाहून भाजावळीची आठवण होते, फक्त येथे पीक नाचणीचे नसून पक्ष्यांचे आहे. म्हणून ‘मूर’ हा शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘हेदरच्या झुडपांनी झाकलेला ओला, उघडा डोंगरमाथा’ असे स्पष्टीकरण द्यावे, असे मला वाटते.

प्रश्नकर्त्यांकडून

आपणा सर्वांचे आभार. ‘मुरमाची वाट’ आणि ‘मूर’ स्वीकारत आहे. ‘फॉरेस्ट’ राहिला. शिवाय मार्गात ‘ब्राइडलवे’ आणि ‘फुटपाथ’ असे दोन प्रकार येतात, दोन्हींना मी ‘पायवाट’ लिहिले आहे. ते चालेल का?

यावर

‘अरण्य’ नक्कीच नको. डाल्बी हे लावलेले जंगल आहे. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा जाणवल्यावर ब्रिटनने १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन केले, आणि त्यानंतरच्या काळात येथे स्प्रूस आणि पाइनची झाडे ओळीने उभी राहिली. जेथे झाडांची तोड वेळापत्रकाने होते त्याला अरण्य म्हणणे हा अरण्यावर अन्याय आहे. मूळ इंग्रजी शब्दही झाडांचा नव्हताच. मध्ययुगात ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाच्या शिकारीसाठी वेगळ्या कायद्याखाली राखलेला प्रदेश, मग तेथे झाडे असोत वा नसोत, आणि जवळच्या पिकरिंगचे फॉरेस्ट असेच होते. आपल्याकडचा शेतकरी एखाद्या उजाड टेकडीकडे बोट दाखवून ‘ती फॉरेस्टची हद्द’ म्हणतो, तेव्हा तो नकळत शब्दाचा जुना, कायद्याचा अर्थच वापरत असतो. आपण ‘लागवडीचे जंगल’ लिहावे.

दोन्हींना ‘पायवाट’ लिहिणे मात्र अजिबात चालणार नाही, कारण येथे शब्दाची चूक कायद्याची चूक होते. इंग्लंडमध्ये ब्राइडलवेवर सायकल नेण्याची मुभा १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने दिली आहे, मात्र पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागते. फुटपाथवर सायकल चालवण्याचा तसा हक्क नाही. एकाला ‘घोडवाट’ आणि दुसऱ्याला ‘पायवाट’ म्हणावे, आणि दोन्ही वहिवाटीच्या वाटा आहेत हे एकदा सांगावे. ‘वहिवाट’ हा शब्द आपल्या महसुली भाषेत इतका मुरलेला आहे की वाचकाला पुढचे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्नकर्त्यांकडून

सुधारलेला मजकूर असा: ‘डाल्बीच्या लागवडीच्या जंगलातील मुरमाचे रस्ते सोडून आपण घोडवाटेने मूरवर चढतो. ब्लेकीपासून रोझडेल लोहमार्गाची जुनी बैठक लागते. लोहखनिज वाहण्यासाठी १८६१ साली सुरू झालेला हा मार्ग १९२९ साली बंद झाला, पण वाफेच्या इंजिनांसाठी राखलेला सौम्य चढ अजून तसाच असल्यामुळे फार्नडेलच्या माथ्याभोवती सायकल जवळजवळ सपाटीवरून धावते. शेवटी इंगल्बीची उतरण येते, जेथून डबे दोरखंडाने खाली सोडले जात.’

शेवटची सूचना

मजकूर उत्तम झाला आहे. फक्त ‘उतरण’ या शब्दाने वाचक गाफील राहील. तेथील चढ काही ठिकाणी पाचास एक इतका आहे, तेव्हा ‘उभी उतरण’ लिहावे.