व्यसन की नुसता मोह?
भडंग-पेढे खाताना हात थांबत नाही, त्यावर कुणी म्हणतं, ‘भडंगाचं व्यसन दारूसारखंच’. हे मत मला टोकाचं वाटतं, पण ‘मनावर ताबा हवा, बस्स’ हे त्यावर दिलं जाणारं उत्तर त्याहून जास्त खटकतं.

आपल्या सांगलीचा भडंग नीट बघा. चुरमुरे, तेलात तळलेला लसूण, खमंग शेंगदाणे, तिखट, मीठ, वर पिठीसाखर. चुरमुरा तोंडात लगेच विरतो, त्यामुळे पोट भरल्याचं कळेपर्यंत अर्धी पिशवी संपलेली असते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यातही खव्याचा स्निग्धांश आणि साखर एकत्र येतात. नुसती साखर कोण वाटीभर खातं?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013च्या ‘डीएसएम-5’ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत जुगाराला व्यसनांत जागा मिळाली, खाण्याला नाही. दुसरीकडे, 2019मध्ये अमेरिकी संशोधक केविन हॉल यांच्या प्रयोगात 20 जणांना कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं, तर ते साध्या जेवणापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. म्हणजे पदार्थाची घडणही दोषी आहेच.

आणि कृपा करून, जे लपून खातात, नको असताना खातात, नंतर रडतात, त्यांना ‘खादाड’ म्हणू नका. बिंज इटिंग, म्हणजे ताबा सुटून एका बैठकीत खूप खाणं, हा व्यसनांत मोडत नसला तरी मान्यताप्राप्त आजार आहे, त्यावर उपचारही आहेत. अशांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.