बेळगावच्या शहापूर–वडगाव भागात मिनीबस परवडेल का?

शहापूरकर: अरुंद गल्ल्यांत मोठी बस वळता वळत नाही. कंत्राटी परमिटवर (अख्खी गाडी ठरवून नेतात ते) 12 सीटर फिरवली तर चालतं काय हो?

परमिटवाले: नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कंत्राटी गाडीला वाटेत माणसं चढवता-उतरवता येत नाहीत. त्याला स्टेज कॅरेज परमिट, म्हणजे थांब्या-थांब्यावर माणसं चढवायचं परमिट लागतं. गाड्या पकडतात त्या ह्याच कारणानं.

वेळापत्रकवाले: आधी हिशेब करा. जाऊन-येऊन फेरी 40 मिनिटांची, दर 10 मिनिटाला गाडी, म्हणजे 4 गाड्या आणि 1 राखीव. ‘भरली की सोडू’ म्हणून स्टँडवर थांबलात की पुढच्या थांब्यावरचं गिऱ्हाईक रिक्षानं गेलंच.

शहापूरकर: 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्याचं काय?

वेळापत्रकवाले: म्हणूनच सरकारी बस शिरत नाही त्या गल्ल्या धरा.