चष्म्यातले प्रतिबिंब टाळण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आईचे एक चांगले व्यक्तिचित्र टिपायची फार इच्छा आहे. माझ्याकडे एक फ्लॅश, त्याचा प्रकाश मऊ करणारी पांढरी छत्री आणि प्रकाश परतवण्यासाठी थर्माकोलची शीट एवढेच साहित्य आहे. फ्लॅश ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवला की सावलीकडच्या गालावर प्रकाशाचा सुरेख त्रिकोण उमटतो, परंतु त्याच वेळी चष्म्याच्या काचेत छत्रीचे पांढरे प्रतिबिंब येऊन डोळाच झाकला जातो. फ्लॅश आणखी उंच नेल्यास प्रतिबिंब जाते, पण भुवयांची सावली पडून डोळ्यांतली चमक हरवते. चष्मा काढल्यावर आई आईसारखी वाटत नाही, त्यामुळे तो हवाच. अशा वेळी फ्लॅश बाजूला सरकवावा, की उंचच ठेवून हनुवटीखाली थर्माकोल धरावा? चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलून काचा खाली झुकवण्याचा उपाय कोणी केला असल्यास कृपया अनुभव कळवावा.