मदत हवी आहे: वाचनालयाच्या डेमो ॲपमध्ये मराठी शोध अडतोय

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकं शोधायचं वेब ॲप बनवलंय, रिॲक्ट आणि एसक्यूलाइट वापरून.

अडचण आहे 'ॲ'ची. कुणी यू+०९७२ (युनिकोडमधला 'ॲ'चा स्वतंत्र क्रमांक) हे एकच अक्षर टाइप करतं, कुणी 'अ' लिहून त्यावर चंद्र देतं. दिसायला सारखंच, पण शोध रिकामा येतो. एनएफसी (युनिकोडमधली समान अक्षररूपं एक करायची पद्धत) लावून पाहिलं, ते ही दोन रूपं एक करत नाही. 'ऱ्या'चंही तसंच: काहीजण 'ऱ' वापरतात, काहीजण 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह).

ही रूपं साठवतानाच एकसारखी करावीत की फक्त शोधासाठी वेगळा कॉलम ठेवावा? शीर्षकाचं मूळ लेखन बदलायला मन धजत नाही.

देवनागरी शोधावर काम केलेल्यांनी डेमो वापरून बघा, चुका स्पष्ट सांगा. मेसेज केलात की लिंक आणि कोड पाठवतो. ग्रंथपाल काकू रोज विचारतात, कधी सुरू होणार?