मदत हवी आहे: नॉक्समधलं एनओटू किती धरायचं? जनसुनावणी तेरा दिवसांवर

नमस्कार मंडळी,

वाशिष्ठी खाडीच्या काठी आमचं गाव. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून ग्रामपंचायतीने साडेचारशे पानांचा पर्यावरण अहवाल माझ्याकडे वाचायला दिला. गावापासून तीन किलोमीटरवरच्या एका कारखान्याचा विस्तार होतोय. कोळशावरचा नवा बॉयलर आणि तीन डिझेल जनरेटर येणार आहेत. सगळं वाचलं, हवेच्या प्रकरणातल्या एका आकड्यापाशी मात्र अडकले आहे. कुणी एरमॉड (धूर हवेत कसा पसरतो याचं संगणकी मॉडेल) स्वतः चालवलं असेल तर कृपया वेळ काढा.

अहवाल म्हणतो की आमच्या वरच्या वाडीत सध्या नायट्रोजन डायऑक्साइड (एनओटू) २६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, विस्तारामुळे त्यात ५.८ ची भर पडेल, म्हणजे ३१.८. आपल्याकडची २००९ ची राष्ट्रीय मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ८० आहे. वाचून कुणालाही हायसं वाटेल. पण तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे: 'नॉक्सच्या १० टक्के एनओटू गृहीत.' म्हणजे मॉडेलने वाडीत एकूण नॉक्स (नायट्रिक ऑक्साइड आणि एनओटू मिळून) ५८ दाखवला आणि त्याला सरळ ०.१ ने गुणलं. पूर्ण ५८ धरले तर बेरीज ८४ होते. ०.९ ने गुणलं तर ७८.२. एका गुणोत्तरावर सगळा निकाल उभा आहे, आणि ते कुठून आणलं याचा उल्लेख साडेचारशे पानांत नाही.

वर्गात मी शिकवते ते असं: ज्वलनात बाहेर पडतो तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड, आणि हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की त्याचा एनओटू होतो. मग चिमणीच्या तोंडाशी १० टक्के असलेला वायू तीन किलोमीटर येईपर्यंत १० टक्केच कसा राहील?

आमची वाडी चढावर आहे. दुपारचे खारे वारे कारखान्यावरून सरळ आमच्याकडे येतात, रात्री मतलई वारे धूर खाडीकडे नेतात. जनरेटरबद्दल अहवालात 'आपत्कालीन, रोज एक तास' असं लिहिलंय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या घरी कितीतरी दिवस वीज नव्हती, त्यामुळे तो एक तास मला पटत नाही.

मोहोर गळाला की आमच्याकडे लोक लगेच चिमणीकडे बोट दाखवतात. मला तसं करायचं नाही. माझे दोन भाचे त्याच कारखान्यात कामाला आहेत. मला फक्त खरा आकडा हवा आहे. सुनावणीत उभं राहून चुकीचं बोलले तर पुढच्या वेळी गावाचं कुणी ऐकणार नाही. गुणोत्तर किती धरणं योग्य?

— खाडीकाठ

प्रतिसाद

ताई, तुमची शंका बरोबर आहे. या कामात बारा वर्षं आहे, आणि हा घोटाळा पुन्हा पुन्हा पाहिलाय. दोन वेगळी गुणोत्तरं एकमेकांत मिसळली आहेत.

एक चिमणीतलं गुणोत्तर: तोंडाशी नॉक्सपैकी एनओटू किती. बॉयलर आणि साध्या डिझेल इंजिनाला ते बरेचदा ०.१ च्या आसपास किंवा कमी असतं, म्हणून तो आकडा हवेतून आणलेला नाही. (जनरेटरला ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर स्वच्छ करणारं उत्प्रेरक, असेल तर मात्र वाटा बराच वाढतो, हे जरूर विचारा.) दुसरं, जमिनीवर माणूस श्वास घेतो तिथलं गुणोत्तर. पहिलं हे मॉडेलमध्ये घालायचं असतं, ते उत्तर नव्हे. तुमच्या अहवालात तेच उत्तर म्हणून वापरलंय.

एरमॉड अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं आहे, आणि तिथे तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिलीत सगळा नॉक्स एनओटू धरायचा. दुसरीत मॉडेलच्या तासागणिक नॉक्सवरून गुणोत्तर काढायचं: नॉक्स कमी असताना ०.९, वाढत गेला की खाली ०.५ पर्यंत, साधारणपणे त्याखाली नाही. तिसरीत ओझोन धरून हिशेब करायचा. चिमणीतलं गुणोत्तर लागतं ते या तिसऱ्या पायरीला, आणि मोजलेला आकडा नसेल तर तिथे ०.५ धरतात. तिन्ही पायऱ्यांत ०.१ ने गुणून मोकळं होणं कुठेच बसत नाही.

तिसऱ्या पायरीची सर्वांत सोपी रीत तुम्ही कागदावर करू शकता. ओझोनचा एक रेणू नायट्रिक ऑक्साइडच्या एका रेणूला बदलतो, म्हणून ६० मायक्रोग्रॅम ओझोन ४६/४८ या हिशेबाने जास्तीत जास्त ५७.५ एनओटू तयार करतो. एखाद्या तासाला वाडीत नॉक्स ६० असेल तर ६ आधीचे (चिमणीतूनच आलेले १० टक्के), उरलेले ५४ ओझोन सहज बदलतो, म्हणजे सगळाच एनओटू. नॉक्स ३०० असेल तर ३० अधिक ५७.५, म्हणजे ८७.५. तिथे ओझोन संपतो आणि गुणोत्तर ०.२९ वर येतं. चोवीस तासांची सरासरी अशा तासांची मिळून होते, म्हणून खरं उत्तर ५.८ आणि ५८ च्या मध्ये कुठेतरी असेल. आणि ०.१ येण्यासाठी हवेत ओझोन शून्य हवा! पायाभूत मोजमापाच्या तक्त्यात ओझोन किती दिलाय, बघा.

— सह्याद्रीपायथा

प्रतिसाद

एक छोटी भर. चिमणीचा अहवाल मागाल तेव्हा पद्धत बघा. आयएस ११२५५ भाग ७ या भारतीय मानकातली फिनॉल डायसल्फोनिक आम्लाची रीत असेल तर त्यात दोन्ही वायूंचं नायट्रेट करून पिवळा रंग मोजतात. एकूण नॉक्स कळतो, वाटा कळतच नाही. त्यासाठी केमिल्युमिनेसन्स विश्लेषक (दोन्ही वायू वेगवेगळे मोजणारं यंत्र) लागतो. नळीत पाणी साचलं तर एनओटू त्यात विरघळून कमी दिसतो, म्हणून नळी गरम ठेवली होती का तेही विचारा. शिवाय उत्सर्जनाचा आकडा 'एनओटू म्हणून' दिलाय की 'एनओ म्हणून'? तिथेच १.५३ पटीचा फरक पडतो.

— प्रयोगशाळेतून

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तक्ता शोधला. ओझोन ४८ ते ६२, आठ तासांची सरासरी, त्यांच्याच अहवालात, पान १४३. चिमणीच्या मोजमापाला पद्धत आयएस ११२५५ भाग ७. म्हणजे ०.१ त्यांनी मोजलेलंच नाही. आणि उत्सर्जन 'एनओटू म्हणून' आहे, तेवढी एक गोष्ट ठीक.

मर्यादा ओलांडली जाईल असं मी म्हणणार नाही, कारण ते सिद्ध झालेलं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुनावणीआधी लेखी निवेदन देता येतं, ते असं लिहिलंय:

'अहवालात नॉक्सचा दहावा भागच एनओटू धरला आहे. हे गुणोत्तर चिमणीच्या तोंडाचं आहे, वाडीतलं नाही. पान १४३ वर हवेत ओझोन असल्याचं अहवालच सांगतो, तेव्हा उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडचाही एनओटू होणार. म्हणून तासागणिक ओझोन धरून गणित पुन्हा करावं, जनरेटर सलग चालतील त्या दिवसांचंही करावं, आणि वरच्या वाडीतला नवा आकडा मराठीत कळवावा.'

सरपंचांना वाचून दाखवलं. पहिली दोन वाक्यं लगेच कळली, ओझोनचं नाही. सुनावणीला बहुतेक मच्छीमार आणि बागायतदार असतील. रेणू हा शब्द न वापरता ते वाक्य कसं लिहू, कुणी सुचवेल का? सोमवारी निवेदन द्यायचं आहे.